लडाखची सरोवरे: मनालीकडून चढावे की श्रीनगरकडून?

मुळाकाठ

सप्टेंबरमध्ये पुण्याहून स्वतःच्या डिझेल गाडीने लडाखला जाण्याचा आमचा बेत जवळजवळ पक्का झाला आहे. आम्ही चौघे जण आहोत: मी, पत्नी आणि माझे आईवडील. आईवडिलांची पासष्टी उलटली आहे. वडिलांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, परंतु दोघेही नेमाने पर्वती चढून येणारे आहेत. मठ, बाजार आणि युद्धस्मारके पाहण्यात आम्हाला रस नाही असे नाही. मात्र या प्रवासाचा मुख्य हेतू उंच पठारावरची सरोवरे घाई न करता पाहण्याचा आहे. गाडीतून उतरून छायाचित्र काढायचे आणि तासाभरात परत फिरायचे, असा प्रवास आम्हाला करायचा नाही.

आजपर्यंत जी माहिती गोळा केली, तिच्या आधारे पुढीलप्रमाणे आखणी केली आहे. मनालीहून अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरून जिस्पा येथे पहिला मुक्काम, सरचू येथे तंबूत दुसरा मुक्काम आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लेह. तेथे विश्रांती घेऊन चांग ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडून पँगाँग, परत लेह, मग खारदुंग ला ओलांडून नुब्रा आणि शेवटी कारगिलमार्गे श्रीनगर. या आखणीत त्सो मोरीरी आणि त्सो कार ही सरोवरे (‘त्सो’ म्हणजे सरोवर) बसत नाहीत, याची रुखरुख आहे. अनेकांनी असे सांगितले की एक सरोवर पाहिले म्हणजे सगळी पाहिल्यासारखीच आहेत, परंतु ते मनाला पटत नाही.

जाणकारांनी दोन गोष्टींवर मत द्यावे. दिशा हीच ठेवावी की उलट करावी? आणि दिवस मर्यादित असतील तर पँगाँग आणि त्सो मोरीरी यांपैकी कशाला झुकते माप द्यावे?

आडवाट

मुळाकाठ, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या उत्तरात दडलेले आहे, म्हणून आधी दिशेविषयी लिहितो.

लडाखच्या चर्चेत लोक खिंडींच्या उंचीविषयी हिरिरीने बोलतात, कारण खिंडीत पाटी असते आणि पाटीखाली छायाचित्र निघते. शरीराला मात्र खिंडीपेक्षा रात्रीच्या मुक्कामाची उंची अधिक जाचते. खिंडीत आपण अर्धा तास असतो. मुक्कामात आठ-दहा तास असतो आणि झोपेत श्वास मंदावलेला असतो. त्यामुळे प्रवासाची आखणी करताना नकाशावर अंतर मोजण्याआधी प्रत्येक मुक्कामाच्या नावापुढे उंची लिहून पाहावी. आपल्या आखणीला हे लावून पाहा. मनाली सुमारे २,०५० मीटर, जिस्पा सुमारे ३,२०० मीटर आणि सरचू सुमारे ४,२९० मीटर. म्हणजे दोन रात्रींत दोन उड्या, प्रत्येकी हजार मीटरपेक्षा मोठी. शिवाय सरचूच्या त्या रात्रीनंतर लेहला पोहोचण्यासाठी लाचुलुंग ला आणि ५,३२८ मीटर उंचीचा तांगलांग ला ओलांडायचा असतो. मनालीकडून चढणाऱ्या अनेकांची सरचूची रात्र डोके धरून बसण्यात जाते, त्याचे कारण एवढेच आहे.

याउलट श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे, कारगिल २,७०० मीटरच्या आसपास आणि लेह ३,५०० मीटरवर. वाटेत झोजी ला ३,५२८ मीटर आणि या महामार्गावरचा सर्वांत उंच बिंदू असलेला फोतू ला ४,१०८ मीटर उंच आहे, पण दोन्ही दिवसा ओलांडून आपण खाली झोपायला येतो. जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा बोगदा सुरू झाल्यापासून झोजी लाच्या अलीकडचा एक त्रासदायक टप्पाही सुकर झाला आहे. तेव्हा श्रीनगरकडून चढावे आणि मनालीकडे उतरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जिस्पाच्या दिशेने जाताना आपण उतरत असतो आणि तोवर शरीर उंचीला सरावलेले असते. तोच रस्ता उलट दिशेने किती सोपा वाटतो, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही.

आता दुसरा मुद्दा. पँगाँगला जाऊन लेहला परत येणे आणि मग नुब्राला जाणे यात एक पूर्ण दिवस विनाकारण खर्च होतो. क्रम बदलावा. लेहनंतर आधी नुब्रा घ्यावे. खारदुंग ला ५,३५९ मीटर उंच असला, तरी दिस्कित आणि हुंदर ही गावे लेहपेक्षाही खाली, ३,१०० ते ३,२०० मीटरवर आहेत, म्हणजे झोप चांगली लागते. (खारदुंग लाच्या पाटीवर वर्षानुवर्षे लिहिलेली १८,३८० फूट ही उंची खरी नाही, परंतु पाटीचा मान राखून सगळे तिच्याखाली उभे राहतात.) नुब्राहून श्योक नदीच्या काठाने अगम आणि श्योक या गावांवरून दुर्बुकला निघणारा रस्ता थेट पँगाँगकडे नेतो आणि चांग ला ओलांडण्याची गरजच उरत नाही. मात्र या रस्त्यावर दरडी आणि नाले यांचा भरवसा नसतो, म्हणून दिस्कितहून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

त्यानंतर पँगाँगच्या काठाने स्पांगमिक, मान, मेराक करत चुशूल, तेथून लोमा आणि न्योमा, मग हानले, आणि परत येऊन महेच्या पुलावरून सुमदो व कोरझोक, म्हणजे त्सो मोरीरी. पुढे पोलोकोंका ला ओलांडला की त्सो कार, आणि त्सो कारपासून थोड्याच अंतरावर देबरिंग येथे आपण मनाली महामार्गाला लागतो. या क्रमाने गेल्यास सरोवरे वाटेतच लागतात आणि एकाही सरोवरासाठी उलटे फिरावे लागत नाही. तेव्हा कोणाला झुकते माप द्यावे, हा प्रश्नच निकालात निघतो.

रानजाई

मी वैद्यकीय व्यवसायात आहे. आडवाट यांच्या म्हणण्याला दुजोरा देऊन काही गोष्टी सविस्तर लिहिते, कारण या धाग्यात पासष्टीच्या पुढचे दोन प्रवासी आहेत.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, असा पर्वतीय वैद्यकातला सर्वमान्य संकेत आहे. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो आणि तांगलांग लावर तो जेमतेम निम्म्याहून थोडा अधिक उरतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण दोन्हीकडे तेच, २१ टक्के असते. दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. तेथे झाडे नाहीत म्हणून प्राणवायू कमी, हे आपल्याकडे सहलीच्या बसमध्ये हमखास ऐकू येणारे स्पष्टीकरण निराधार आहे. तीच गोष्ट भीमसेनी कापराच्या पुरचुंडीची. कापूर हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातील प्राणवायू वाढत नाही. पुरचुंडी जवळ ठेवायला हरकत नाही. पण तिच्या भरवशावर कोणी डोकेदुखी अंगावर काढू नये.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, हे औषध प्रतिबंधासाठी वापरतात. ते घ्यावे की नाही, हे वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या पाहून त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते आवर्जून सांगावे. लेहमधील पहिले दोन दिवस झोपेच्या गोळ्या आणि मद्य पूर्णपणे टाळावे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ८५ वगैरे आकडा पाहून घाबरून जाऊ नये, कारण त्या उंचीवर तो अपेक्षितच असतो. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे. डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे ही लक्षणे असतील तर त्या दिवशी आणखी वर जायचे नाही. चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे, बसल्या जागी धाप लागणे किंवा फेसाळ खोकला येणे यांपैकी काहीही दिसले, तर रात्र असली तरी खाली उतरायचे. नळकांड्यातला प्राणवायू हा उतरण्यापुरता आधार आहे, उतरण्याला पर्याय नव्हे.

आणि येथेच मनाली मार्गाची खरी अडचण आहे, जी नकाशावर चटकन लक्षात येत नाही. सरचू आणि पांग ही ठिकाणे दोन्ही बाजूंनी खिंडींनी कोंडलेली आहेत. तेथे रात्री कोणी आजारी पडले, तर खाली जाण्यासाठी आधी वर चढावे लागते. एका बाजूला बारालाचा ला आहे, दुसऱ्या बाजूला लाचुलुंग ला आणि तांगलांग ला. कोरझोक उंचीने सरचूपेक्षाही वर असले, तरी तेथून एक छोटी खिंड वगळता महे, चुमाथांग, उपशी असा सिंधू नदीच्या काठाने लेहपर्यंत उताराचा रस्ता आहे. मेराकहून तांगत्से आणि तेथून श्योकमार्गे नुब्रा, असाही उतार उपलब्ध आहे. ज्येष्ठांना घेऊन मुक्काम निवडताना मी उंचीइतकाच या सुटकेच्या वाटेचा विचार करते.

नीरक्षीर

उत्तम माहिती मिळत आहे. एक शंका आहे: आडवाट यांच्या क्रमात नुब्राहून थेट पँगाँगला गेल्यास ३,२०० मीटरवरून ४,३०० मीटर अशी हजार मीटरची उडी येत नाही का? मग सरचूला दोष कशासाठी द्यायचा?

आडवाट

शंका रास्त आहे. दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक म्हणजे तोवर लेहच्या ३,५०० मीटरवर तीन रात्री झालेल्या असतात, त्यामुळे उडी मोजायची ती लेहपासून. दुसरी म्हणजे मधे तांगत्से हे गाव आहे, ३,९०० मीटरच्या थोडे वर. बहुतेक गाड्या तेथे चहा पिऊन पुढे जातात, परंतु एक रात्र तेथे काढली, तर लेह, तांगत्से, मेराक या पायऱ्या चारशे-साडेचारशे मीटरच्या होतात. तांगत्सेमध्ये साधी, स्वच्छ घरगुती निवासस्थाने मिळतात. शिवाय तेथून भल्या सकाळी निघाल्यास पँगाँगच्या अलीकडचा पागल नाला त्याचे नाव सार्थ करण्याआधी ओलांडता येतो. बर्फ दुपारी वितळते आणि नाल्यांचे पाणी दुपारनंतर चढते. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी चार वाजता बंपरपर्यंत येऊ शकते.

बसाल्ट

धागाकर्त्याला कोणी तरी सांगितले की एक सरोवर पाहिले की सगळी पाहिल्यासारखीच आहेत. त्यावर थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. भूशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय आहे, तेव्हा विस्तार झाल्यास क्षमस्व.

पँगाँग, त्सो मोरीरी आणि त्सो कार या तिन्ही सरोवरांतून आज एकही नदी बाहेर पडत नाही. वितळलेल्या बर्फाचे पाणी क्षार घेऊन आत येते आणि वाफ होऊन जाते. क्षार मागे राहतात. आपल्या लोणारलाही हेच घडते. योगायोग असा की लोणार आणि त्सो कार या दोन्ही पाणथळ जागांना २०२० मध्येच रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले. त्सो मोरीरी त्या यादीत २००२ पासून आहे. मात्र लडाखच्या या तिन्ही सरोवरांची तऱ्हा वेगवेगळी आहे.

पँगाँग सुमारे १३४ किलोमीटर लांब आणि अत्यंत अरुंद आहे, कारण ते काराकोरम प्रस्तरभंगाच्या (भूकवचातील मोठ्या भेगेच्या) पट्ट्यातील दरीत पसरले आहे. त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग आपल्याकडे येतो. पूर्वेकडचे पाणी गोडे आणि पश्चिमेकडचे, म्हणजे आपल्या बाजूचे, खारट आहे. एके काळी हे सरोवर तांगत्सेच्या दरीतून श्योक नदीला मिळत होते. पुढे ती वाट नैसर्गिक बांधाने बंद झाली. ज्या रस्त्याने आपण तांगत्सेहून लुकुंगला जातो, तो त्या जुन्या सांडव्याच्याच वाटेने जातो, हे ध्यानात ठेवून प्रवास केल्यास रस्त्याकडेची सपाट, पाणथळ कुरणे वेगळी दिसू लागतात.

त्सो मोरीरी शंभर मीटरहून अधिक खोल आहे. त्याच्या परिसरातील खडकांचा इतिहास विलक्षण आहे. भारतीय भूखंड आशियाला धडकला तेव्हा त्याचा पुढचा काठ खाली दाबला गेला आणि नव्वद किलोमीटरहून अधिक खोल जाऊन पुन्हा वर आला. इतक्या खोलवरच्या दाबातच तयार होणारे कोएसाइट हे खनिज येथील खडकांत सापडले आहे. ज्या काळात आपल्याकडे दख्खनचा काळा कातळ लाव्ह्याच्या रूपाने पसरत होता, त्या काळात हा भूखंड अजून उत्तरेकडे सरकतच होता, टक्कर त्यानंतरची.

त्सो कार हे माझ्या मते तिघांत सर्वांत बोलके आहे, आणि बहुतेक प्रवासी त्याच्याकडे पाठ फिरवून मनाली महामार्गावरच्या मोरे मैदानाकडे पळतात. सुमारे ४,५३० मीटर उंचीवरच्या या सरोवराचा काठ मिठाने पांढरा झालेला असतो. चांगपा पशुपालक पूर्वी येथील मीठ गोळा करून व्यापारासाठी नेत असत. शेजारचे स्तार्तसापुक त्सो मात्र गोड्या पाण्याचे आहे आणि त्याचे पाणी त्सो कारमध्ये उतरते. दोन्हींच्या भोवतालच्या डोंगरउतारावर नीट पाहिल्यास आजच्या पाण्यापासून कितीतरी वर, एकमेकींना समांतर अशा आडव्या रेषा दिसतात. त्या जुन्या काठांच्या खुणा आहेत. सरोवर आटत गेले आणि थांबत थांबत आटले, म्हणून रेषा उमटल्या. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे असताना त्या ठळक होतात. भर दुपारी पोहोचलात तर हाती काही लागणार नाही.

वाटेतील पुगा खोऱ्यात उकळते झरे आणि गंधकाचे पिवळे थर आहेत. तेथे अर्धा तास तरी थांबावेच.

चक्रवाक

बसाल्ट यांचा प्रतिसाद वाचून त्सो कारच्या बाजूने माझेही एक मत नोंदवतो. कृष्णमान क्रौंच हा लडाख केंद्रशासित प्रदेशाचा राज्यपक्षी आहे आणि त्सो कार, हानले व चुशूल येथील दलदलीत त्याची वीण होते. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पिल्ले पालकांबरोबर चरताना दिसण्याची चांगली शक्यता असते. पट्टकादंब आणि चक्रवाक हे आपल्याकडे हिवाळ्यात जायकवाडीला व उजनीला येणारे पक्षी तेथे उन्हाळ्यात त्यांच्या विणीच्या घरी पाहायला मिळतात. भिगवणला ज्यांना आपण पाहुणे म्हणतो, त्यांच्या घरी आपण पाहुणे म्हणून जातो आहोत, एवढे भान असावे. कियांग हे रानगाढव मोरे मैदानापासून हानलेपर्यंत कोठेही दिसू शकते. त्याचा पाठलाग गाडीने करणाऱ्या महाभागांची चित्रफीत दर वर्षी कोणी ना कोणी अभिमानाने प्रसारित करतो.

म्हणून कळकळीची विनंती. रस्ता सोडून काठावर गाडी नेऊ नये. ते गवत हिरवळीसारखे दिसते, पण वर्षातील थोडेच महिने वाढते आणि चाकाने उमटलेला चर अनेक वर्षे बुजत नाही. उरलेले अन्न तंबूबाहेर टाकू नये. त्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि तीच क्रौंचांची अंडी व पिल्ले खातात. त्सो मोरीरीच्या काठालगत तंबू ठोकण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. कोरझोक गावात घरगुती निवास मिळतो.

नीरक्षीर

पँगाँगच्या काठावर २६ डिसेंबर २०२४ रोजी लष्कराने छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण केले. तेव्हापासून मराठी पर्यटकांची पावले तिकडे अधिक वळू लागली आहेत. धागाकर्त्याने तो टप्पा गाळू नये असे वाटते.

आडवाट

वाटेवरच असल्याने गाळण्याचे कारण नाही. स्थानिक लोकप्रतिनिधीने त्या वेळी त्या भागाशी पुतळ्याचा संबंध आणि पर्यावरण यांविषयी प्रश्न उपस्थित केले होते, हेही आपल्याला ठाऊक असावे, म्हणजे गावात कोणाशी बोलताना सूर सांभाळता येतो. माझी सूचना एवढीच की दर्शन घेऊन मुक्काम मात्र मेराकला करावा. स्पांगमिकच्या बाजूला तंबूंची आणि हॉटेलांची जी दाटी झाली आहे, तिच्या सांडपाण्याचे काय होते हा विचार मनात आला की निळ्या पाण्याकडे पाहण्यातला आनंद निम्मा होतो. मेराकला विजेचा आणि मोबाइलचा भरवसा नाही, पण जवाचे शेत संपते तेथे सरोवर सुरू होते.

घाटवळण

गाडीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. टर्बो असलेल्या डिझेल गाडीला उंचीवर विशेष त्रास होत नाही. निघण्यापूर्वी ब्रेकचे पॅड, कूलंट आणि बॅटरी तपासून घ्यावी, स्टेपनी पूर्ण मापाची असावी. उतारावर ब्रेक दाबून ठेवण्याऐवजी खालचा गिअर वापरावा. मनाली महामार्गावरील गाटा लूप्स या घाटाची २१ वळणे आपण उतरणार आहात आणि तेथे तापलेल्या ब्रेकचा वास पुढच्या-मागच्या गाड्यांतून हटकून येतो. लेह आणि दिस्कित येथे टाकी पूर्ण भरावी आणि नुब्रा ते हानले ते मनाली महामार्ग या पट्ट्यासाठी एक कॅन सोबत ठेवावा. लाहौलमधील तांडीच्या पंपावर ‘पुढील पंप ३६५ किलोमीटरवर’ अशा अर्थाची पाटी प्रसिद्ध आहे; आपण उलट दिशेने येत असल्याने ती वाचून हसता येईल.

बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घेऊन जावे. लेहला स्वतःची गाडी नसलेल्यांनी हेही लक्षात ठेवावे की बाहेरून भाड्याने आणलेल्या गाड्यांना तेथील स्थलदर्शनासाठी मज्जाव आहे. माझ्या एका परिचिताला गाडी देणाऱ्याने हे न सांगताच पैसे घेतले होते आणि लेहला पोहोचल्यावर त्यांना दुसरे वाहन करावे लागले.

सातासमुद्रापार

मी परदेशात राहतो आणि माझ्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) आहे. भारतीय नागरिकांसाठी इनर लाइन परवान्याची (सीमाभागात जाण्यासाठीच्या परवान्याची) अट २०२१ मध्ये काढली असे वाचले. ती सवलत मलाही लागू होते का?

आडवाट

नाही. भारतीय नागरिकांना आता परवाना लागत नाही, फक्त पर्यावरण शुल्क ऑनलाइन भरून पावती जवळ ठेवावी लागते. परदेशी नागरिकांना आणि ओसीआय धारकांना संरक्षित क्षेत्राचा परवाना लागतो आणि तो लेहमधील नोंदणीकृत पर्यटन संस्थेमार्फत काढावा लागतो. हानले आणि चुशूलकडचे काही सीमावर्ती रस्ते परदेशी पारपत्रधारकांना बंद असू शकतात, म्हणून आखणी करण्याआधी तेथे विचारून घ्यावे.

मुळाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरी चर्चा करून आखणी पूर्ण उलटी केली आहे. श्रीनगर दोन रात्री, कारगिल एक, लेह तीन, नुब्रा दोन, तांगत्से एक, मेराक एक, हानले दोन, कोरझोक एक आणि मग जिस्पा. प्रत्येक नावापुढे उंची लिहिली, तेव्हा आडवाट यांच्या म्हणण्याचा अर्थ स्पष्ट झाला: आकडे सावकाश चढत जातात आणि शेवटी एकदम खाली येतात. आईला हानलेच्या वेधशाळेचे विशेष आकर्षण आहे, कारण निवृत्तीपूर्वी ती शाळेत विज्ञान शिकवत असे. आता दोन शंका उरल्या आहेत. हानलेला दोन रात्री द्याव्यात का? आणि कोरझोकहून एका दिवसात जिस्पाला पोहोचणे ज्येष्ठांसाठी व्यवहार्य आहे का? सरचूचा मुक्काम टाळायचा आहे, हे तर आता पक्के झाले.

बसाल्ट

हानलेला दोन रात्री अवश्य द्या, मात्र पंचांग पाहून. चंद्रप्रकाश असेल तर तेथे जाण्याचा निम्मा हेतू फसतो. अमावास्येच्या आगेमागे जावे. २०२२ मध्ये सुमारे १,०७३ चौरस किलोमीटरचा परिसर तेथे गडद आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला असून गावातील मंडळींना दुर्बिणी देऊन प्रशिक्षित केले आहे. ते घराच्या अंगणातून तारकापुंज दाखवतात. डोंगरावरील हिमालयन चंद्र दुर्बीण दोन मीटर व्यासाची आहे आणि ती बेंगळुरूजवळील होसकोटे येथून उपग्रहामार्फत चालवली जाते. पायथ्याजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या २१ मीटर व्यासाच्या गॅमा किरण दुर्बिणीचे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झाले. मुंबईशी नाते असलेली ही वस्तू आपल्या आईंना नक्की आवडेल. रात्री गावात गाडीचे प्रखर दिवे लावू नयेत, आणि मोबाइलचा विजेरी दिवाही नको.

रानजाई

प्रवासातील खाण्याविषयी एक सूचना. चार-साडेचार हजार मीटरवर पाणी साधारण ८५ अंशांना उकळते, त्यामुळे कुकरशिवाय शिजवलेला भात व डाळ कच्ची राहते आणि पोट बिघडते. ते बिघडलेले पोट आणि उंचीची मळमळ यांत फरक करणे मग अवघड जाते. थुप्पा (शेवयांचे गरम सूप) किंवा कुकरमधील ताजे अन्न घ्यावे. घरून चिवडा नेत असाल तर पाकिटे अर्धवटच भरावीत, कारण ती वर गेल्यावर फुगतात आणि फुटतात.

आडवाट

कोरझोक ते जिस्पा हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे आणि वाटेत पोलोकोंका ला, लाचुलुंग ला, नकी ला आणि बारालाचा ला अशा चार मोठ्या खिंडी आहेत. शरीर सरावलेले असल्याने दमछाक उंचीची नसून बसण्याची असते. मात्र त्सो कारला बसाल्ट म्हणतात तसे तिरपे ऊन हवे असेल, तर कोरझोकहून उजाडण्यापूर्वीच निघावे लागेल आणि त्या वेळी पोलोकोंका लावर रस्त्यावर काळे बर्फ, म्हणजे सहज न दिसणारा बर्फाचा पातळ थर, असू शकते. त्यामुळे उजाडल्यावरच निघा. त्सो कारला तासभर थांबा. आणि मोरे मैदानात रस्ता सरळ व गुळगुळीत असला तरी वेग आवरा, कारण कियांग विचार करून रस्ता ओलांडत नाही.

एका दिवसात हे जड वाटत असेल, तर दुसरा पर्याय सरचू नव्हे. कोरझोकहून सिंधूच्या काठाने खाली लेहला या, एक रात्र विश्रांती घ्या आणि निम्मू, पदुम, शिंकू ला या झंस्कारच्या रस्त्याने दारचाला उतरा. हा रस्ता मार्च २०२४ मध्ये जोडला गेला. शिंकू ला पाच हजार मीटरच्या थोडा वर असला, तरी मुक्काम पदुमला, म्हणजे लेहच्याच उंचीवर होतो. यात दिवस वाढतात, रस्त्याचे कामही ठिकठिकाणी अपुरे आहे आणि त्सो कार हुकते, म्हणून मी तो पहिला पर्याय म्हणून सुचवणार नाही.

जिस्पाच्या दिवशी घड्याळाचा एकच नियम पाळावा. दुपारी दोनपर्यंत सरचू ओलांडले असेल आणि बारालाचावर ढग नसतील, तर पुढे जावे. सूरज ताल हे सरोवर खिंडीच्या उतारावरच रस्त्याला खेटून आहे, तेवढा थांबा सहज होईल. पांगलाच दोन वाजले, तर पुढे न जाता मागे फिरून तांगलांग लामार्गे रुमत्से गाठावे. तो मुक्काम सरचूपेक्षा बेताच्या उंचीवर आहे, आणि लेह तेथून जवळ आहे.

मुळाकाठ

हे मुद्रित करून गाडीत ठेवतो. अमावास्या पाहून हानलेच्या रात्री आधी निश्चित केल्या आहेत आणि त्यावरून मागे मोजत पुण्याहून निघण्याची तारीख ठरवतो आहे. श्रीनगरपासून कारगिलपर्यंतच्या मुक्कामांविषयी कोणाला काही सुचवायचे असल्यास अवश्य लिहावे. आठवडाभरात आरक्षण करायचे आहे.